सहाशे तीस रुपयांचं घर

खोपटला एस.टी. डेपोपासून हाकेच्या अंतरावर एक चाळ होती. होती म्हणजे आता नाही. तिच्या जागी पत्रे ठोकलेत, पत्र्यांवर हसणाऱ्या कुटुंबाचं चित्र आहे. नवरा, बायको, एक पोरगा, एक पोरगी, सगळी गोरी. त्या चाळीतली दहा बाय बाराची एक खोली सहाशे तीस रुपयांना गेली. विकली नाही हो. गेली.

खोली मावशीची. बहात्तरच्या दुष्काळात जालन्याकडून खडी फोडत फोडत निघालेलं कुटुंब ठाण्याला थांबलं. मावशीच्या नवऱ्याला वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत चिकटवलं कुणीतरी, आणि १९७४ साली ही खोली भाड्याने मिळाली. शेठने तेव्हा आडनाव विचारलं नाही. चाळ रिकामी होती, खाली गटार होतं, वर पत्रे होते, तिथं बामण-वाणी कोण राहायला येणार? मिळेल त्याला दिली. तीस वर्षं हे लोक भाडं देत राहिले आणि तीस वर्षांत शेठच्या दिवाणजीने पावत्या दिल्या मोजून सात-आठ. "तुमच्यावर विश्वास नाय का मावशी?" म्हणायचा. मावशीचा होता.

मग घोडबंदर रोड फुगला, ठाण्याची जमीन सोन्याची झाली. २००२ साली दिवाणजी भाडं घ्यायचा थांबला. आज या, उद्या या, शेठ गावाला गेलेत. मनीऑर्डर केली तर परत आली. बावीस महिने असे गेले आणि २००४ मध्ये कोर्टाचं समन्स आलं : भाडेकरूने बावीस महिन्यांचं भाडं थकवलंय, शिवाय शेठच्या मुलाला जागेची स्वतःसाठी गरज आहे, शिवाय भाडेकरूने पोटभाडेकरू घातलाय, खोली रिकामी करून द्यावी.

तेरा वर्षं दावा चालला. शेठचा मुलगा साक्षीच्या पिंजऱ्यात उभा राहिला आणि त्याचे आणखी तीन फ्लॅट निघाले. गरज खोटी ठरली. पोटभाडेकरू म्हणजे मावशीचा भाचा निघाला. तेही खोटं ठरलं. थकबाकी? ती तर समन्स आल्यावर ऐंशीव्या दिवशी व्याजासकट कोर्टात भरली होती. मग शेठ हरला असं तुम्ही म्हणाल. मीही म्हणालो होतो. २०१७ साली निकाल लागला तेव्हा मी मावशीबरोबर कोर्टात होतो. निकाल इंग्रजीत. वकील बाहेर आला आणि म्हणाला, "थकबाकीच्या मुद्द्यावर हुकूम झालाय."

कसली थकबाकी? तर दावा चालू असताना मावशीच्या नवऱ्याला अर्धांगाचा झटका आला. त्या वर्षी नऊ महिने कोर्टात पैसे भरायचे राहिले. महिना सत्तर रुपये. नऊ सत्तर सहाशे तीस. ते नंतर एकरकमी भरलेसुद्धा. पण उशिरा. बाकी वर्षांतही कधी चार महिन्यांचे एकदम, कधी पाच महिन्यांचे एकदम. खोटं बोलला शेठ. दोनदा. पिंजऱ्यात उभं राहून, शपथेवर. घर गेलं मावशीचं.

दोस्तांनो, हा कायदा नीट समजून घ्या, कारण तो तुम्हाला कुणी समजावून सांगणार नाही.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ सालचा, लागू झाला ३१ मार्च २००० पासून. त्याचं पंधरावं कलम. वरवर वाचलं तर गोड आहे. भाडेकरू भाडं देतोय, द्यायला राजी आहे, तोवर मालकाला जागा परत मागता येत नाही. थकलं तर मालकाने आधी लेखी नोटीस द्यायची, नव्वद दिवस थांबायचं, मगच दावा लावायचा. दाव्याचं समन्स हातात पडलं की भाडेकरूला आणखी नव्वद दिवस. तेवढ्यात सगळी थकबाकी आणि तिच्यावर वर्षाला पंधरा टक्के सरळ व्याज कोर्टात भरलं की थकबाकीपायी हुकूम होत नाही. खरं सांगायचं तर १९४७ च्या मुंबई भाडे कायद्यापेक्षा हे सैल आहे. त्यात नोटिशीनंतर महिनाभराचीच मुदत होती, आणि सहा महिने थकले, नोटिशीनंतरही भरले नाहीत, रकमेबद्दल वाद नसला की न्यायाधीशाचा हात बांधलेला असे.

पण कलमाचं शेपूट वाचा. थकबाकी भरल्यानंतर दाव्याचा शेवटचा निकाल लागेपर्यंत भाडेकरूने भाडं कोर्टात 'नियमितपणे' भरत राहिलं पाहिजे, आणि कोर्ट सांगेल तो दाव्याचा खर्चही. हा एक शब्द. नियमितपणे. या एका शब्दाने ठाण्यात, मुंबईत, पुण्यात किती बिऱ्हाडं रस्त्यावर आली याची मोजदाद कुणी ठेवलेली नाही. ठेवतो कोण? मोजणारे सगळे मालक आहेत.

हा शब्द नवा नाही, जुन्या कायद्यातही होता. गणपत लढा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली सांगून टाकलं की ही अट पाळली नाही तर दया दाखवायची मुभा कोर्टाला नाही. १९८० च्या मृणालिनी शाह खटल्यात शब्दाची फोड झाली : घड्याळाच्या काट्यासारखी तारीख पाळायची गरज नाही, पण महिन्याचं भाडं महिन्याला आलं पाहिजे. दोन-तीन-चार महिन्यांचं एकदम भरलं तर ते नियमित नव्हे. आणि त्याच निकालात आणखी एक गोष्ट आहे, ती मात्र वकील सांगत नाहीत : आगाऊ भरलेलं चालतं. १९८८ साली मोहन हेडे खटल्यात गाठ जरा सैल सोडली गेली, पण सोडली म्हणजे सुटली नव्हे.

आगाऊ भरलेलं चालतं! मावशीचं वर्षाचं भाडं आठशे चाळीस रुपये. जानेवारीत एकदा आठशे चाळीस भरून पावती ट्रंकेत टाकली असती तर नवऱ्याच्या तोंडात पाणी घालत बसलेल्या बाईला कोर्टाचं कॅलेंडर बघावं लागलं नसतं. हे एक वाक्य तिला तेरा वर्षांत कुणी सांगितलं नाही. वकिलाने सांगितलं नाही. न्यायाधीशाने सांगितलं नाही. समन्सवर छापलेलं नव्हतं. आणि मीही, जो चार बुकं शिकलेला म्हणून चाळीत मिरवत होतो, मला २०१७ नंतर कळलं. ही लाज माझी आहे, ती मी इथं लिहून ठेवतो.

आता गंमत बघा. मालकाने तारखेला गैरहजर राहावं, मालकाच्या वकिलाने पुढची तारीख मागावी, न्यायाधीशाची बदली व्हावी, साक्षीदार आजारी पडावा, तेरा वर्षं जावीत, कुणाचं काही जात नाही. पाचशे रुपये खर्च टाकून तारीख मिळते. भाडेकरूने नऊ महिने चुकवले की घर जातं. 'नियमितपणे' फक्त आम्हीच? दावा नियमितपणे चालवा असा शब्द त्या कलमात का नाही? दावा जितका लांबेल तितके महिने वाढतात, आणि जितके महिने वाढतात तितकी एखादा चुकण्याची शक्यता वाढते. हे शेठच्या वकिलाला पक्कं ठाऊक असतं. तो घाई करतच नाही. माणूस आजारी पडणार, नोकरी जाणार, पोरीचं लग्न निघणार, एखादी म्हातारी मरणार. तो बसून राहतो बगळ्यासारखा. मग एक दिवस नाझराच्या खात्याचा उतारा काढतो आणि लाल शाईने रेघा मारतो. इथं दोन महिने नाहीत. इथं चार. इथं नऊ. झाला खटला!

पावती न देणं हा कायद्याने गुन्हा आहे, १९९९ च्या कायद्यातही आहे. पावती दिली नाही म्हणून दंड भरलेला एक घरमालक मला दाखवा. मी त्याच्या पाया पडायला येतो.

कोकणातल्या लोकांना हे नवं नाही. खोत कुळाकडून मक्ता घ्यायचा, पावती द्यायचा नाही, आणि वर्ष संपलं की बाकी काढायचा. वही त्याची, शाई त्याची, बेरीज त्याची. बाबासाहेबांनी १९३७ साली मुंबईच्या कायदेमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं ते या वहीच्या विरोधात होतं. खोत गेला. दिवाणजी तसाच आहे.

भाडं थकलं की काय होतं याची आणखी एक तऱ्हा आहे, तीही सांगतो. मुंबई उच्च न्यायालयाने १९८३ मध्ये दिवाणी प्रक्रिया संहितेला आपल्याकडची एक जोड दिली, आदेश १५-अ. त्यात मालक किंवा परवाना देणारा दावा लावतो तेव्हा कोर्ट सांगेल ती रक्कम सांगेल त्या मुदतीत भरायची, पुढे दर महिन्याला भरत राहायची. चुकलं तर कोर्ट तुमचा बचाव काढून टाकू शकतं. बचाव काढून टाकणं म्हणजे काय? तुमची कैफियत फाडल्यासारखी. तुमची बाजू नाही, तुमचे साक्षीदार नाहीत, तुमचे कागद नाहीत. कोर्टात तुम्ही उभे आहात आणि तोंडाला फडकं बांधलंय. मात्र याआधी कोर्टाने कारणे दाखवा नोटीस द्यावीच लागते आणि तुमचं कारण ऐकावंच लागतं, ते नियमातच आहे. म्हणून ती नोटीस आली तर गप्प बसू नका, झटका आला होता, कंपनी बंद पडली होती, जे खरं असेल ते कागदासकट सांगा. आणि बचाव गेला तरी उठून घरी यायचं नाही. मालकाच्या साक्षीदाराची उलटतपासणी घ्यायचा आणि त्याचाच दावा पोकळ आहे हे दाखवायचा हक्क तेव्हाही उरतो, सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये मोड्युला इंडिया खटल्यात हे सांगितलंय. बचाव गेला म्हणजे खटला गेला असं वकील म्हणाला तर वकील बदला.

मावशीच्या गोष्टीचा शेवट राहिला. जिल्हा न्यायालयात अपील केलं. हुकमाला स्थगिती मिळाली, पण अट पडली : अपील चालेपर्यंत महिना आठ हजार भरा. सत्तर रुपये भाडं होतं. आठ हजार म्हणजे साडेनऊ वर्षांचं भाडं दर महिन्याला! हे कुठून आलं? २००४ च्या आत्माराम प्रॉपर्टीज निकालातून आणि २००९ च्या सुपरमॅक्स निकालातून. एकदा जागा सोडण्याचा हुकूम झाला की स्थगिती हवी असेल तर बाजारभावाने मोबदला भरायला लावता येतो. त्या सुपरमॅक्स खटल्यात भाडेकरू कोण होता ठाऊक आहे? महाराष्ट्र सरकार! सरकार स्वतःच भाडेकरू म्हणून हरलं, आणि सरकारच्या हरण्याने तयार झालेला दोर मावशीच्या गळ्यात पडला. सरकार तिजोरीतून भरील. मावशीने चार महिने भरले, कानातलं मोडलं, पाचव्या महिन्याला स्थगिती उठली. शेठने दरखास्त लावली, बेलिफ आला. भांडी बाहेर, बाबासाहेबांचा फोटो बाहेर, पलंगावरचा नवरा पलंगासकट बाहेर.

आता ती दिव्याला राहते, अकरा महिन्यांच्या करारावर. ती जागा मिळण्याआधी नऊ ठिकाणी विचारलं. १९७४ साली आडनाव विचारलं नव्हतं, २०१८ साली सगळ्यांनी विचारलं. "तसं काही नाही हो, पण सोसायटीतले लोक…" "मच्छी-मटण करता का?" "फोटो कोणाचे लावता?" एकाने तर डिपॉझिट हातात घेतलं, भाचीने फोनवर जयभीम म्हटलं तसं ते परत दिलं. दोस्तांनो, म्हणून म्हणतो, सवर्ण भाडेकरूचं घर जातं तेव्हा त्याची एक जागा जाते, तो दुसरी बघतो. आपलं जातं तेव्हा गाव जातं. जुन्या भाड्याची ती खोली हा आपल्या बापजाद्यांनी शहरात मिळवलेला एकमेव सातबारा आहे, आणि त्याच्यावर नाव टिकवायला महिन्याला सत्तर रुपये लागतात.

आणि इथं मला आपल्याच पोरांशी भांडायचंय.

आपल्यातले काही जोशात येऊन चाळीत सभा घेतात. "कसेल त्याची जमीन, राहील त्याचं घर! शेठला एक पैसा देऊ नका!" टाळ्या पडतात. मीही वाजवल्यात. मावशीच्या चाळीतही असा एक पुढारी येऊन गेला होता. २००६ साली. त्याचं ऐकून चार घरांनी कोर्टात भरणं बंद केलं. चारही घरं सगळ्यात आधी गेली. पुढारी पुढे नगरसेवकाच्या गाडीत दिसला.

घोषणा खोटी नाही. १९१५ साली ग्लासगोत हजारो बायकांनी भाडं बंद केलं, बेलिफ आला की घंटा वाजवून सगळी गल्ली गोळा करायच्या, आणि त्याच वर्षी ब्रिटिश सरकारला भाडं गोठवणारा कायदा करावा लागला. आपल्याकडचा मुंबईचा पहिला भाडेकायदा त्यानंतर तीन वर्षांनी, १९१८ ला आला. आपल्या शेजारच्या अलिबागेत चरी आणि आसपासच्या गावांनी १९३३ पासून सहा वर्षं खोतांची शेती कसली नाही, लाकडं तोडून पोट भरलं, पण नांगर धरला नाही. नारायण नागू पाटील होते, बाबासाहेब पाठीशी होते. ते संप होते! सगळे एकदम, सगळे उघड, सगळे एकमेकांच्या दारात उभे. एकेकट्या बिऱ्हाडाने दावा चालू असताना भाडं न भरणं हा संप नव्हे. तो गैरहजेरीचा शेरा आहे. शेठला तेवढंच हवं असतं. उद्या आख्खं खोपट उठणार असेल तर मी पहिला पावत्या जाळीन. तोवर, ज्याला दुसऱ्याच्या घरावर बंद पुकारायचा असेल त्याने आधी स्वतःच्या घराची चावी टेबलावर ठेवावी.

आणि हेही समजा : कोर्टात भरणं म्हणजे शेठला शरण जाणं नव्हे. पैसे नाझराकडे जातात, पावती सरकारी शिक्क्याची मिळते. तीस वर्षांत दिवाणजीने दिली नाही ती पावती! शेठ म्हणतोय ते भाडं जास्त आहे असं वाटत असेल तर प्रमाणित भाडं ठरवून मागण्याचा अर्ज करता येतो. पण तिथंही कोर्ट सांगेल ती रक्कम आधी भरावी लागते. वाद घाला, दात-ओठ खा, पण भरत भरत.

मागणी काय करायची तर ही. समन्सच्या पहिल्या पानावर, मराठीत, ठळक अक्षरात लिहा : अमुक रक्कम, अमुक तारखेच्या आत, आणि पुढे दर महिन्याला, आगाऊ चालेल. एवढं छापायला किती शाई लागते? जुन्या कायद्यात 'कोर्ट ठरवील ती तारीख' असे शब्द होते, न्यायाधीशाला थोडी जागा होती. नव्यात नव्वद दिवसांची भिंत आहे. आजारपणाला, मृत्यूला, बंद पडलेल्या कंपनीला त्या भिंतीत एक खिडकी ठेवा. मालकाने भाडं नाकारलेलं सिद्ध झालं तर त्या काळाचं व्याज भाडेकरूच्या डोक्यावर टाकू नका. आणि ज्याचं 'गरज आहे' म्हणून सांगितलेलं शपथेवर खोटं ठरलं, त्याला भाड्याच्या तारखांवर घर मिळता कामा नये. हे न्यायाधीशाच्या दयेवर नको. कलमातच लिहा.

ते लिहितील तेव्हा लिहितील. तोवर आपली माणसं वाचवायची आहेत. ठाण्याच्या कोर्टनाक्यावर बाबासाहेबांचा पुतळा आहे. तिथं आपण १४ एप्रिलला हार घालतो, ६ डिसेंबरला मेणबत्त्या लावतो. पुतळ्यापासून कोर्टाचं फाटक काही पावलांवर आहे, तेवढी पावलं आपण चालत नाही. त्या आवारात विधी सेवा प्राधिकरण आहे. १९८७ च्या कायद्याने अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला आणि कुठल्याही बाईला मोफत वकील मिळतो, उत्पन्नाचा दाखला न मागता. मावशी दोन्हीत बसत होती. तिने तेरा वर्षांत वकिलाला किती दिले ते विचारू नका, त्यात सत्तर रुपयांची शेकडो भाडी बसली असती.

आणि ज्यांची वस्ती झोपडपट्टी म्हणून घोषित आहे त्यांनी हेही बघावं : तिथं भाडेकरूला बाहेर काढायचा दावा लावायच्या आधी १९७१ च्या झोपडपट्टी कायद्याच्या बाविसाव्या कलमाखाली सक्षम प्राधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते. मालक ती न घेताच समन्स धाडतो आणि आपण मुकाट घेतो.

आम्ही पाचजणांनी एक वही केलीय. कोर्टात दावा चालू असलेल्या घरांची. सध्या तीत एकोणीस नावं आहेत, खोपट, चरई, उथळसर. नावापुढे भाडं, भरल्याची तारीख, पावतीचा नंबर. दर महिन्याच्या पाच तारखेला संध्याकाळी विचारायला जातो, दहाच्या आत नाझराकडे. ज्याच्याकडे नाहीत त्याचे तेवढ्यापुरते बाकीचे घालतात. सत्तर, नव्वद, एकशेवीस, एवढेच असतात. हसण्यासारखे आकडे आहेत. गेल्या आठवड्यात सिद्धेश्वर तलावाच्या बाजूची एक आजी भेटली. दोन वर्षं दावा चालू आहे, वकील म्हणालाय, "निकालाच्या वेळी बघू." तिने जूनपासून भरलेलं नाही. थकलेलं सगळं आणि पुढच्या वर्षाचं आगाऊ, दोन्ही मिळून दोन हजाराच्या आत बसतं. सोमवारी अकरा वाजता तिला घेऊन नाझराच्या खिडकीवर जायचंय. ज्याला यायचं त्याने पुतळ्यापाशी साडेदहाला यावं. आधार कार्ड आणि दाव्याचा नंबर मी घेतलाय, सुट्टे कुणीतरी आणा.